वेरूळचा धबधबा आणि एक फारसी पान

मराठवाड्यात धबधबे आहेत असे सांगितले की कोकणातले आणि सातारकडचे लोक हसतात. त्यांचेही फारसे चुकत नाही. आमच्याकडे पाऊस बेताचा. पेपरात बातम्या येतात त्या टँकरच्या. पावसाळी सहलींच्या याद्यांत ठोसेघर असते, रंधा असतो, आंबोली असते. आमचे नाव नसते. तरीही श्रावण-भाद्रपदात दोन-तीन दिवस झड लागून गेली, की आमच्या माळावर पायी फिरणाऱ्याला पडते पाणी सापडते. ते लांबून दिसत नाही. आजूबाजूला मका, कपाशी, बांधावरची बाभळ, सगळे सपाट. आधी नुसता आवाज येतो. आणखी शंभर पावले चालले की पायापुढे घळ उघडते आणि ओढा खाली उडी घेताना दिसतो. तिथे बहुतेक वेळा एखादा गुराखी आणि त्याच्या शेळ्या एवढीच गर्दी.

असे का, याचे उत्तर जमिनीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. काही थर कठीण, काही मऊ. मऊ थर झिजतो, कठीण थर तसाच राहतो आणि पायरी तयार होते. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. म्हणजे आपण ज्याला सपाट माळ समजतो तो एक मोठा जिना आहे, आणि ओढा त्याची पायरी उतरला की धबधबा होतो.

याच पायऱ्यांवर आपला इतिहासही घडला. भिक्खूंना लेणी कोरायला उभा कडा हवा होता आणि प्यायला पाणी. किल्ला बांधणाऱ्याला तुटलेला कडा आणि नदीचे वळण हवे होते. सूफींना गावापासून थोडी दूर, उंचावरची जागा आवडायची. त्यामुळे पितळखोरा, अजिंठा, वेरूळ, नळदुर्ग ही नावे इतिहासाच्या पुस्तकात जितकी आहेत, तितकीच ती पाणी पडण्याच्या जागांची नावे आहेत. धबधबा शोधायचा असेल तर मी आधी जुनी वास्तू कुठे आहे ते पाहते.

यातले वेरूळ सर्वांना ठाऊक आहे. पण बहुतेक लोक कैलास लेणे पाहतात, फोटो काढतात आणि परततात. उत्तरेकडे चालत गेले की एकोणतिसावे लेणे लागते. त्याला धुमार लेणे म्हणतात. घारापुरीच्या लेण्याशी नाते सांगणारी त्याची रचना आहे. त्याच्या शेजारच्या घळीत येळगंगा वरच्या कड्यावरून खाली येते. त्या जागेला लोक सीतेची न्हाणी म्हणतात. उन्हाळ्यात तिथे नुसता कोरडा खडक असतो. चांगला पाऊस झाला की लेण्याच्या ओसरीत उभे राहून पाण्याचे तुषार अंगावर घेता येतात. मला मात्र ही जागा वरून, खुलताबादकडून पायी उतरून पाहायला आवडते. चार-पाच किलोमीटरचा उतार आहे. वर बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे, जैनुद्दीन शिराझी यांचा आहे, मलिक अंबरची कबर आहे, ‘फवाइदुल फुआद’ लिहिणारा कवी अमीर हसन सिज्जीही तिथेच विसावला आहे. खाली बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी, घृष्णेश्वराचे देऊळ आणि मालोजीराजे भोसल्यांचे गाव. एका दिवसाच्या पायपिटीत एवढे सगळे येते, आणि मधोमध पाणी पडत असते.

आता त्या फारसी पानाविषयी. ‘मआसिर-ए-आलमगिरी’ हा औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास. तो मुहम्मद साकी मुस्तइद खान या मोगल दरबारातल्या माणसाने लिहिला आणि बादशहाच्या मृत्यूनंतर, १७१० मध्ये पूर्ण केला. जदुनाथ सरकारांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९४७ साली कलकत्त्याला प्रसिद्ध झाले. त्यात खुलताबादजवळच्या वेरूळचे एक छोटे वर्णन आहे. कोण्या जुन्या काळी कुशल हातांनी डोंगर कोरून ही घरे काढली, असे तो सांगतो. पाया इतका भक्कम असूनही ही जागा आज ओसाड आहे आणि पुढचा विचार करणाऱ्याला ती धडा देते, असे त्याला वाटते. उर्दूत आपण ज्याला ‘इब्रत’ म्हणतो तोच हा भाव. एवढे सांगून तो थांबत नाही. पावसाळ्यात हा डोंगर आणि खालचे मैदान बागेसारखे हिरवे होते, कड्यावरून शंभर यार्ड रुंदीचा धबधबा कोसळतो, लोक मुद्दाम पाहायला येतात आणि फिरायला ही जागा फार छान आहे, असे तो लिहितो.

म्हणजे तीनशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी, औरंगाबादेत मोगलांचा तळ असताना, लोक पावसाळ्यात वेरूळचा धबधबा पाहायला जात होते. ज्याच्यावर बादशहाच्या स्तुतीचे काम होते, त्या इतिहासकारालाही ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली.

हे पान मला मोठ्या जपणुकीने ठेवावेसे वाटते. पण त्याच पुस्तकात दुसरी पानेही आहेत. १६६९ मध्ये देवळे आणि पाठशाळा पाडण्याचा हुकूम निघाला, त्याच वर्षी काशीचे विश्वनाथ मंदिर पाडले गेले, पुढे १६७० च्या सुरुवातीला मथुरेचे केशवदेव मंदिर पाडले गेले. या गोष्टी मुस्तइद खानाने लपवलेल्या नाहीत. अभिमानाने सांगितल्या आहेत. आपल्यातले काही लोक वेरूळचे पान दाखवून ती पाने झाकू पाहतात. समोरचे काही लोक ती पाने दाखवून वेरूळचे पान नाहीच असे म्हणतात. एका धबधब्याच्या वर्णनाने औरंगजेब निर्दोष ठरत नाही. आणि त्याच्या हुकुमांमुळे त्या काळातल्या प्रत्येक मुसलमानाची नजर एकसारखी होती असेही ठरत नाही. पुस्तक एकच आहे, ते पूर्ण वाचावे लागते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. औरंगजेबाच्या कबरीवरून बाहेर वाद पेटला की वर्गात त्याचे पडसाद उमटतात. मुले बोलत नाहीत, पण ऐकत सगळे असतात. एकदा सहलीत वेरूळच्या लेण्यांसमोर आठवीतल्या एका मुलीने विचारले, “आपा, ये हमारा है की उनका?” प्रश्न तिने भांडणासाठी विचारला नव्हता. इथे आपण कौतुक करायचे की गप्प राहायचे, एवढेच तिला समजून घ्यायचे होते. या वयात मुलांना असे विचारावे लागते, ही गोष्ट मला त्या प्रश्नापेक्षा जास्त लागली.

तिला मी मुस्तइद खानाचे सांगितले, आणि त्याच्याही आधीच्या रफीउद्दीन शिराझीचे. हा इराणातून आलेला माणूस विजापूरच्या आदिलशाहीत नोकरीला होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ‘तज्किरतुल मुलूक’ हा इतिहास लिहिला. त्यातही वेरूळचे वर्णन आहे, आणि ते करताना त्याला आपल्या देशातले तख्त-ए-जमशेद आठवते. ही देवळे त्याच्या धर्माची नव्हती, तख्त-ए-जमशेदही इस्लामच्या कितीतरी आधीचे. तरी चांगले काम पाहिले की त्याला आपल्याकडचे चांगले काम आठवले. पाहुणा असाच पाहतो, आणि हळूहळू घरचा होतो. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआनातही अनेक ठिकाणी सांगितले आहे. फिरणे आणि पाहणे हे आपल्याकडे नुसते करमणुकीचे काम कधीच नव्हते.

रफीउद्दीन लिहीत होता त्याच सुमारास आदिलशाहीतल्या एका किल्ल्यावर एक वेगळा धबधबा बांधला जात होता. बांधला जात होता, हाच शब्द बरोबर आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने ४५ किलोमीटरच्या आसपास नळदुर्ग लागतो. तो पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आता जिल्ह्याचे नाव धाराशिव आहे. बोरी नदीच्या वळणावर हा किल्ला उभा आहे. मुख्य किल्ला आणि समोरचे रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बंधारा घातलेला आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर मुहम्मद इमादीन याने हे काम केले. बंधाऱ्यामुळे किल्ल्याला वर्षभर पाणी मिळाले आणि शत्रूच्या वाटेत खोल पाणी उभे राहिले. बंधाऱ्याचा मुख्य उपयोग हाच होता.

पण इब्राहीम हा संगीतात रमणारा सुलतान. दख्खनीत ‘किताब-ए-नौरस’ लिहिणारा. त्याच्या काळातला बंधारा नुसता बंधारा कसा राहील? त्याच्या माथ्यावर पाणी सोडायला दोन सांडवे ठेवले. नदी भरली की त्यांतून दोन धबधबे पडतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आणि भिंतीच्या पोटात, पडत्या पाण्याच्या मागे, एक महाल आहे, तो म्हणजे पाणीमहाल. जिन्याने आत उतरायचे. डोक्यावरून नदी जात असते, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा असतो आणि आपण उभे असतो ती जागा कोरडी. चारशे वर्षे ही भिंत पूर पेलते आहे.

१८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे दिला तेव्हा कर्नल मेडोज टेलर कारभार पाहायला इथे आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे त्याचे नाव आधीच झाले होते. पुढे त्याने चांदबीबीवर ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात नळदुर्ग येतो. आपल्याकडे मात्र नळदुर्गवर मराठीत वाचायला फार थोडे मिळते. जवळच तुळजापूरची भवानी आहे, नळदुर्गला खंडोबा आहे, यात्रेकरूंची वर्दळ असते. भंडारा कपाळी लावलेले लोक पाणीमहालाच्या खिडकीत उभे राहून पोरांना खांद्यावर घेऊन पाणी दाखवताना मी पाहिले आहेत. तो महाल कोणत्या सुलतानाचा, हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे तोंड मात्र आनंदाने भिजलेले असते. सुलतानालाही याहून वेगळे काही नको असावे.

तिसरी जागा अजिंठ्याची. लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या कड्यात आहेत, त्या कड्याच्या टोकाला वाघूर नदी सात टप्प्यांत खाली येते. त्याला सातकुंड म्हणतात. लेणी पाहून थकलेले लोक शेवटच्या कुंडापर्यंत क्वचितच जातात. तिथे उभे राहिले की मला गुलाम याझदानी आठवतात. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व खाते काढले, त्याचे ते प्रमुख. या चित्रांचे रंग गळू नयेत म्हणून निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, आणि याझदानींनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार खंडांचा ग्रंथ काढला. बुद्धाच्या जातककथांची चित्रे वाचवण्यात एका मुसलमान विद्वानाचे आयुष्य गेले. ‘ये हमारा है की उनका’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही. ज्याने सांभाळले त्याचेही ते आहे.

या जागांना जायचे असेल तर सलग पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबून जा. उशीर केला तर आमचे ओढे आठवडाभरात आटतात. वर ढग दाटलेले असतील तर घळीत उतरू नका, पाणी वाढायला वेळ लागत नाही. काळ्या कातळावरचे शेवाळ फार दगा देते. गुराख्याला वाट विचारा. त्याला नकाशापेक्षा जास्त कळते, आणि त्या ओढ्याला कोणते नाव आहे हेही तोच सांगेल. ते नाव वहीत लिहून ठेवा. सीतेची न्हाणी, सातकुंड, नर-मादी अशी कितीतरी नावे अजून फक्त लोकांच्या तोंडी आहेत.

आणि मुलांना बरोबर न्या. वर खुलताबादेत फातेहा पढून खाली येळगंगेच्या तुषारांत उभे राहिलेले मूल पुढे कोणी ‘इथे तुमचे काय आहे’ असे विचारले तर ओरडून उत्तर देणार नाही, आणि खाली मानही घालणार नाही. त्याला ठाऊक असेल की त्याच्याआधीही त्याच्यासारखे लोक पावसाळ्यात इथे आले होते, पाहून खूश झाले होते आणि एकाने तर तसे लिहूनही ठेवले आहे.