भंडाऱ्याचीं तळीं व वाजिब-उल-अर्ज

सनदा, महजर व निवाडपत्रें यांकडे संग्राहकांचें लक्ष जितकें जातें, तितकें ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदाकडे जात नाहीं. मुलकी खात्याचा रुक्ष कागद म्हणून तो बाजूस पडतो. गांवच्या पाण्याच्या, वाटेच्या व मासेमारीच्या वहिवाटी गांवकऱ्यांच्या तोंडून ऐकून जमाबंदीच्या वेळीं लिहून ठेवाव्या, हा त्याचा हेतु. परंतु कोणाच्या तोंडून, हाच खरा प्रश्न आहे.

भंडारा हा तळ्यांचा मुलूख. धानाच्या बांध्यांस पाणी मिळावें म्हणून कोहळी पाटलांनीं पाळी घालून तळीं व बोड्या बांधल्या. नवेगांव बांध येथील तळें कोलू पाटील कोहळी यानें बांधलें असें सांगतात; तें गांव 1999 पासून गोंदिया जिल्ह्यांत आहे. भोंसल्यांच्या अमलांत पाटील वसुलाचा जबाबदार होता, गांवचा मालक नव्हता. 1854 सालीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर, 1860 नंतरच्या जमाबंदींत इंग्रजांनीं त्यास मालकी देऊन मालगुजार केलें. तळें त्याचें झालें. रयतेकडे वहिवाट तेवढी उरली.

ही वहिवाट लिहून घेतांना प्रश्न अंमलदाराचे आणि उत्तर देण्यास मालगुजार पुढें. ज्या कुळाचें पाणी त्याच्या मर्जीवर, तें त्याच्यासमोर कितीसें बोलणार? तळ्यांत जाळें टाकणारा ढीवर तर त्याहून मागें. तरीहि हा कागद निव्वळ एकतर्फी म्हणवत नाहीं. एकदां लिहिलेली वहिवाट पुढें मालगुजारासहि सहजासहजीं मोडतां येत नसे. शिवाय पाळ फुटली तर ती बांधण्यास रयतेचेच हात लागत.

31 मार्च 1951 रोजीं मालगुजारी संपली व बहुतेक तळीं सरकारकडे आलीं. कागदाचें नांव मात्र टिकलें. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत विदर्भापुरतीं निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांचीं कलमें आहेत. निस्तारपत्रकाचा मसुदा गांवांत प्रसिद्ध करून रहिवाशांची इच्छा अजमावावयाची; पण ती कशी अजमावावी हें कलेक्टर ठरवितो, आणि पत्रक कायमहि तोच करितो. मालगुजाराची जागा रिकामी झाली, प्रश्न विचारणाऱ्याची नाहीं.

जुन्या मालगुजारी वाड्यांतून असे कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं ते सुटे करूं नयेत. एकाच गांवचे निरनिराळ्या जमाबंदींचे कागद शेजारीं मांडून, कोणतें कलम गळलें, कोणतें वाढलें आणि खालीं सही कोणाची व आंगठा कोणाचा, हें प्रथम टिपून घ्यावें.