जॅस्मिन पॅरिस: 431 किलोमीटरची शर्यत, 14 महिन्यांचं बाळ आणि सोबत ब्रेस्ट पंप

जानेवारी 2019. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत 431 किलोमीटरची एक शर्यत संपली. पहिला नंबर आला एका प्राण्यांच्या डॉक्टरचा. ती बाई होती, तिची मुलगी 14 महिन्यांची होती आणि शर्यतीच्या वाटेवर थांबून ती अंगावरचं दूध काढत होती. शर्यतीचा आधीचा विक्रम एका पुरुषाच्या नावावर होता. तिने तो 12 तासांनी मोडला.

तिचं नाव जॅस्मिन पॅरिस. तोपर्यंत डोंगरात पळणाऱ्यांचं छोटं वर्तुळ सोडलं, तर तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, तिने अमेरिकेतली बार्कली मॅरेथॉन पूर्ण केली. ही शर्यत पूर्ण करणारी ती पहिली स्त्री.

तिचे फोटो आजही 'आई असावी तर अशी' अशा ओळींसह फिरत असतात. पण ती नेमकं काय पळाली, बाळाचं आणि नोकरीचं कसं जमवलं, आणि भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पळायला येणाऱ्या बायकांनी यातून काय घ्यावं? सविस्तर पाहू.

थोडक्यात

- व्यवसाय: पशुवैद्यक. एडिनबरा विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात काम
- 2019: स्पाईन रेस, 431 किमी, 83 तास 12 मिनिटे. स्त्री-पुरुष सगळ्यांत पहिली
- 2024: बार्कली मॅरेथॉन, 59 तास 58 मिनिटे 21 सेकंद. मुदत संपायला 99 सेकंद बाकी
- दोन मुलांची आई

ही जॅस्मिन पॅरिस कोण?

जन्म 1983 चा, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचा. शिक्षण पशुवैद्यकाचं. लहानपणापासून मैदानावर घडवलेली खेळाडू ती नव्हती. डोंगरातली पहिली शर्यत ती 2008 मध्ये पळाली, नोकरीला लागल्यानंतर.

ब्रिटनमध्ये 'फेल रनिंग' नावाचा जुना प्रकार आहे. उघड्या डोंगरांवर, गवतातून, दगडांतून, धुक्यात नकाशा बघत पळायचं. रस्ता आखलेला असेलच असं नाही. जॅस्मिन यात मुरली. 2016 मध्ये तिने ब्रिटनमधल्या तीन प्रसिद्ध डोंगरफेऱ्यांवर स्त्रियांचे विक्रम केले. तरी हे सगळं त्या खेळाच्या मंडळींपुरतंच राहिलं. पगार येत होता तो नोकरीतून. 2017 च्या अखेरीस पहिली मुलगी झाली.

स्पाईन रेस म्हणजे काय?

पेनाईन वे ही इंग्लंडमधली पायवाट एडेल गावातून निघते आणि स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथॉमला संपते. अंतर 268 मैल, म्हणजे 431 किलोमीटर. आपल्याकडचा अंदाज हवा असेल तर पुण्याहून पणजी जवळपास एवढीच पडते. फरक इतकाच की इथे हायवे नाही. चिखल, दलदल, बर्फ आणि सोसाट्याचा वारा आहे.

शर्यत मुद्दाम जानेवारीत ठेवतात. तेव्हा तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, म्हणजे बहुतेक वाट हेडटॉर्चच्या उजेडात कापायची. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. झोप, जेवण, मोजे बदलणं, सगळं त्याच वेळेत. किती झोपायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

जॅस्मिन सगळ्या मिळून सुमारे 3 तास झोपली. शेवटी शेवटी तिला दगडांतून जनावरं बाहेर येताना दिसू लागली. झोपेविना दिवसरात्र पळणाऱ्यांना असे भास होतात. ती 83 तास 12 मिनिटांत पोचली. आधीचा विक्रम होता 95 तास 17 मिनिटांचा.

शर्यतीत दूध काढायची गरज का पडली?

सोशल मीडियावर ही गोष्ट कौतुकाची म्हणून फिरली. मुळात ती शरीराची गरज होती.

अंगावर पाजणाऱ्या आईचं दूध बाळ जवळ नाही म्हणून थांबत नाही. ते साठत जातं. वेळेवर काढलं नाही तर स्तन दगडासारखे टणक होतात, गाठी धरतात, ठणकतात. पुढे संसर्ग होऊन ताप भरू शकतो. डॉक्टर त्याला मॅस्टायटिस म्हणतात. तीन-चार दिवसांच्या शर्यतीत असा ताप आला, तर शर्यत तिथेच संपते.

शर्यतीपर्यंत मुलीचं दूध सुटेल असा जॅस्मिनचा अंदाज होता. पण त्या हिवाळ्यात मुलगी आजारी पडली आणि दूध सोडवणं लांबलं. मग चेकपॉइंटवर पोचल्यावर जेवण आणि झोपेच्या आधी पंप लावायचा, असं ठरलं. बाकीचे तेवढा वेळ विश्रांती घेत होते. तिच्या 83 तासांत हा वेळही धरलेला आहे.

त्यात उष्मांकांचा हिशेब वेगळा. नुसतं अंगावर पाजायला आईला दिवसाला साधारण 400 ते 500 कॅलरी जास्त लागतात. डोंगरात दिवसरात्र पळण्याची गरज त्याच्या वर.

म्हणजे आई झाल्यावर बाई जास्त वेगाने पळते?

असा निष्कर्ष काढता येत नाही. गर्भारपण आणि बाळंतपण शरीरावर मोठा ताण टाकतं. पोटाचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणलेले असतात. सांधे काही काळ सैल राहतात. झोप तुटलेली असते. 2019 मध्येच ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी बाळंतपणानंतर पळण्याबद्दल मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांचा सल्ला असा: किमान 12 आठवडे पळू नये, आणि त्यानंतरही लघवी गळणं, ओटीपोटात जडपणा, दुखणं यांपैकी काही असेल तर आधी तपासून घ्यावं. सिझेरियन झालं असेल तर घाई आणखीच धोक्याची.

मग ती पुरुषांच्या पुढे कशी गेली? मॅरेथॉनमध्ये जगातल्या अव्वल स्त्री-पुरुषांच्या वेळेत साधारण 10 टक्क्यांचं अंतर असतं. अंतर वाढलं, चढ-उतार वाढले, रात्री जागायची वेळ आली की निव्वळ वेगाचं महत्त्व कमी होतं. सुरुवातीला जोर न करणं, पोट बिघडू न देणं, वाट न चुकणं, कमी झोपेत डोकं शाबूत ठेवणं याला किंमत येते. अशा शर्यतींत एखादी तयारीची बाई सगळ्यांच्या पुढे जाऊ शकते. म्हणून सगळ्याच लांब शर्यतींत बायका पुढे असतात असं मात्र नाही.

बार्कली: साठ तासांत तोरणा किती वेळा?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात फ्रोझन हेड नावाचं उद्यान आहे. तिथे 1986 पासून बार्कली मॅरेथॉन होते. जवळच्या ब्रशी माउंटन तुरुंगातून 1977 मध्ये जेम्स अर्ल रे पळाला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनासाठी शिक्षा भोगणारा हाच तो. दोन दिवसांहून जास्त काळ जंगलात धडपडून त्याला जेमतेम काही मैल जाता आलं. यावरून गॅरी कँट्रेल ऊर्फ लेझरस लेक याला शर्यतीची कल्पना सुचली.

एकाच डोंगराळ वाटेच्या पाच फेऱ्या, 60 तासांची मुदत. जीपीएस चालत नाही. वाटेत पुस्तकं लपवलेली असतात. आपल्या क्रमांकाचं पान फाडून आणायचं, म्हणजे तिथपर्यंत गेल्याचा पुरावा. दरवर्षी सुमारे 40 जणांना प्रवेश मिळतो आणि बऱ्याच वर्षी एकही जण शर्यत पूर्ण करत नाही.

एकूण चढ सुमारे 18,000 मीटर. वेल्हे गावातून तोरणा चढायला साधारण 700 मीटरची चढण आहे. ज्यांनी तोरणा केला आहे त्यांना आठवत असेल, वर पोचेपर्यंत दम निघतो. ढोबळ हिशेबाने बार्कली म्हणजे वेल्ह्यातून तोरणा 25 वेळा चढायचा आणि 25 वेळा उतरायचा. तोही अडीच दिवसांत, काटेरी झुडपांतून, वाट शोधत.

ही शर्यत पूर्ण करणं बायकांच्या आवाक्यातलं नाही, असं स्वतः लेझरस लेक जाहीरपणे म्हणत आला होता. जॅस्मिनने 2022 मध्ये तीन फेऱ्या पूर्ण केल्या. 2023 मध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. 22 मार्च 2024 ला पाचवी फेरी संपवून तिने पिवळ्या फाटकाला हात लावला आणि तिथेच कोसळली. मुदतीला 99 सेकंद उरले होते. 1986 पासून तोवर ही शर्यत पूर्ण करणाऱ्यांमध्ये तिचा नंबर विसावा होता.

नोकरी, दोन मुलं आणि सराव: वेळ कुठून आला?

बहुतेक सराव पहाटे, मुलं उठायच्या आत. त्यानंतर नोकरी. घराजवळच्या टेकडीवर तेच ते चढ-उतार पुन्हा पुन्हा. स्पाईनच्या वेळी तर ती पीएचडीचा प्रबंधही लिहीत होती. हिवाळ्यात पहाटे अंथरूण सोडायला काहीतरी कारण हवं, हेही शर्यतीत नाव घालण्यामागचं एक कारण होतं.

पण नुसत्या जिद्दीवर ही गोष्ट संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखं होईल. ती पहाटे बाहेर पडते तेव्हा घरात मुलांजवळ कुणीतरी असतं. तिचा नवराही डोंगरात पळणारा आहे आणि मुलांचं दोघं मिळून बघतात. तिच्याकडे पगाराची नोकरी आहे, त्यामुळे बाळंतपणात पळणं थांबलं म्हणून घरखर्च अडला नाही. प्रायोजकांच्या पैशांवर जगणाऱ्या खेळाडूंचं तसं नसतं. अमेरिकेत 2019 मध्ये अनेक महिला धावपटूंनी उघडपणे सांगितलं, की गरोदरपणात त्यांचे करार कापले जातात किंवा तशी भीती असते. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी करारांत बदल केले.

नोकरी सांभाळून वर आलेली ती एकटी नाही. अमेरिकेची कीरा डमाटो घरं विकण्याचं काम करते, दोन मुलांची आई आहे. जानेवारी 2022 मध्ये तिने 2 तास 19 मिनिटे 12 सेकंदांत मॅरेथॉन पळून अमेरिकेतला महिलांचा तेव्हाचा विक्रम मोडला.

शर्यतींचे नियम बदलले का?

काही ठिकाणी बदलले, आणि त्यामागे आणखी एका आईचा फोटो आहे. 2018 मध्ये सोफी पॉवर ही ब्रिटिश धावपटू युरोपातली यूटीएमबी ही 170 किलोमीटरची शर्यत पळत होती. वाटेत थांबून तिने तीन महिन्यांच्या बाळाला पाजलं आणि तो फोटो जगभर गेला. बाळ एवढं लहान असताना ती का पळाली? कारण आधी एकदा गरोदर असताना तिची जागा गेली होती. दुखापत झालेल्या धावपटूला जागा पुढच्या वर्षी नेता येत होती, गरोदर बाईला नाही. पुढे यूटीएमबी आणि लंडन मॅरेथॉनसारख्या मोठ्या शर्यतींनी गरोदर स्त्रियांना जागा राखून ठेवण्याची सोय केली.

भोर-वेल्ह्यात याचा काय संबंध?

वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका. राजगड आणि तोरणा इथलेच. भोरकडे रोहिडा आणि रायरेश्वर. शनिवार-रविवारी पहाटे पुण्याहून पळायला येणाऱ्यांच्या गाड्या गुंजवणे, वेल्हे या पायथ्याच्या गावांत लागलेल्या दिसतात. सिंहगड-राजगड-तोरणा या मार्गावर अल्ट्रा शर्यतही होते. संजीवनी माचीवरून बुधला माचीकडे जाणारी धार दमवणारी आहे, पण अशी वाट जगात कुठेही डोंगरधावक घडवू शकेल.

बाळ लहान असताना डोंगर उतरणारी आई इथल्या लोकांना नवी नाही. याच डोंगररांगेपलीकडे, वरंध घाट उतरून महाडच्या बाजूला रायगड आहे. गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीची कथा शाळेत प्रत्येकाने ऐकलेली असते. दूध विकणं हे तिचं काम होतं, तीही नोकरदार आईच म्हणायची. म्हणूनच महाराष्ट्रात एसटी स्टँडवर आणि सरकारी कार्यालयांत स्तनपानासाठीच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणतात.

आपल्या कायद्यातही यासाठी तरतूद आहे. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाली. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या देणं कायद्याने आधीपासून बंधनकारक आहे. स्पाईन रेसच्या वेळी जॅस्मिनची मुलगी 14 महिन्यांची होती, म्हणजे आपल्या कायद्याच्या हिशेबानेही ती पाजण्याच्या वयातली. शेतात, वीटभट्टीवर किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईपर्यंत मात्र हा कायदा प्रत्यक्षात क्वचितच पोचतो.

शर्यत भरवणाऱ्यांना काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना फारसा खर्च नाही:

- गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्पर्धकाची जागा पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवणे
- चेकपॉइंटवर आडोसा, स्वच्छ पाणी आणि दूध काढण्यासाठी बसायची जागा
- महिलांसाठी वेगळं, दार नीट लागणारं स्वच्छतागृह
- महिलांच्या गटाला पुरुषांइतकंच बक्षीस आणि निकालात तितकीच जागा

आणि पळायला सुरुवात करणाऱ्या आईने?

12 आठवड्यांच्या आधी नाही, आणि त्यानंतरही स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला विचारून. आधी चालणं, मग चढ चालणं, मग थोडं पळणं. पळायला जाण्याआधी बाळाला पाजलं किंवा दूध काढलं तर छातीला त्रास कमी होतो. पाणी आणि खाणं नेहमीपेक्षा जास्त. आणि घरच्यांशी आधीच बोलून आठवड्यातल्या ठरावीक पहाटा आपल्या नावावर करून घ्यायच्या. त्या पहाटे बाळ रडलं तर कोण उठणार, हेही तेव्हाच ठरवायचं.