१९ मुलांच्या शाळेला शिक्षक किती? समजून घ्या पटसंख्येचं गणित

गडचिरोलीतलं भामरागड, एटापल्ली असो की चंद्रपूरचा जिवती तालुका, जंगलातल्या टोल्यांवर जिल्हा परिषद शाळेचा पट अनेकदा २० च्या आत असतो. कारण वस्तीच विरळ. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात चौरस किलोमीटरमागे ३६५ लोक राहतात, गडचिरोलीत फक्त ७४.

शिक्षक किती, हे कसं ठरतं?
संचमान्यतेतून. ३० सप्टेंबरला पटावर असलेली मुलं मोजून शिक्षकांची पदं मंजूर होतात. त्यात आधार पडताळणी झालेली मुलंच धरली जातात. म्हणजे मूल रोज वर्गात बसत असलं, तरी आधार जुळलं नाही तर ते या हिशेबात नसतं.

कायदा काय सांगतो?
शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांना ३ आणि ९१ ते १२० मुलांना ४ शिक्षक हवेत.

मग वाद कशाचा?
१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाचा. त्यात २० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला एकच नियमित पद ठेवलं आणि गरजेनुसार दुसरा निवृत्त शिक्षक घेण्याची सोय केली. सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी मुलं असतील, तर पद शून्य.

शहरात याचा अर्थ पुढच्या चौकातली शाळा. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो. तिथल्या सहावीतल्या मुलीसाठी दुसऱ्या गावची शाळा म्हणजे आश्रमशाळेचं वसतिगृह, नाहीतर शिक्षण बंद.

एका शिक्षकाने काय बिघडतं?
पाच वर्ग, एक गुरुजी. ते बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले की शाळा रिकामी. शिवाय मुलांची घरची भाषा माडिया किंवा गोंडी, पुस्तक मराठीत. पहिलीतल्या मुलांना जास्त वेळ द्यावा लागतो आणि नेमका तोच नसतो.

तुम्ही काय करू शकता?
यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर गावच्या शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या पाहता येते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. आधार दुरुस्तीचा विषय तिथे ३० सप्टेंबरच्या आधी मांडा. २०-२१ च्या पटावर एका मुलाच्या आधारवरही शिक्षकाचं एक पद अवलंबून असू शकतं.