पोकेमॉन गो : बॅटल जिंकायचीय? आधी हे वाचा

सीपी जास्त म्हणजे आपणच जिंकणार, असं वाटतंय? थांबा. खरा खेळ टाइपचा असतो आणि गेममध्ये असे १८ टाइप आहेत.

१. टाइप बघा : पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर. समोरच्याला न झेपणाऱ्या टाइपचा अटॅक १.६ पट लागतो.

२. अटॅक निवडा : पोकेमॉन आणि अटॅक एकाच टाइपचे असतील तर मार आणखी २० टक्के जास्त.

३. शील्ड जपा : ट्रेनर बॅटलमध्ये तिघांच्या टीमला मिळून दोनच मिळतात. मोठ्या चार्ज्ड अटॅकसाठी राखून ठेवा.

४. पॉवर अप बेतानं : ग्रेट लीगची मर्यादा १५०० सीपी. १५०१ झाला की तो पोकेमॉन तिथं बाद! पॉवर अप मागे घेता येत नाही, स्टारडस्टही परत मिळत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी आकडा बघा.