डागाची साक्ष

माझ्या घरात न्यायालयाचे निकालपत्र वाचणारा मी पहिलाच. आमच्या वस्तीत सरकारी कागद यायचा तो समन्सचा नाहीतर जप्तीचा. कागदावर लिहिले तेच खरे, ही धास्ती आमच्या अंगात मुरलेली. देसाईगंज खटल्याचा निकाल वाचला आणि ती धास्ती सुटली.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार. आरोपी दोन पोलीस. खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. ते नाव मी घेत नाही. डॉक्टरांनी तिला तपासले ते दुसऱ्या दिवशी रात्री आठला. वय १४ ते १६ ठरवले, दोन बोटांची चाचणी केली. रासायनिक परीक्षकांना योनिस्रावाच्या काचपट्टीवर वीर्य आढळले नाही. तिच्या कपड्यांवर आणि एका शिपायाच्या पायजम्यावर मात्र आढळले.

डाग वीर्याचा आहे, फार तर रक्तगट अमुक आहे, एवढेच त्या काळची प्रयोगशाळा सांगू शके. डाग कोणाचा, हे सांगणारे डीएनए तंत्र १९८४ नंतरचे. मधली रिकामी जागा न्यायाधीशांनी भरली. मुलीला संभोगाची सवय होती, तेव्हा कपड्यांवरचा डाग दुसऱ्या कुणाचा असेल, असे सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये मानले आणि आरोपी सुटले. तपासणी वीस तासांनंतरची, मध्ये तिने आंघोळ केली असेल, म्हणून काचपट्टी कोरी, असे नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये म्हटले आणि शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अंगावर जखम नाही म्हणून जबरदस्ती नाही असे ठरवून दोघांना सोडले. अहवाल तोच होता. संमतीचे उत्तर कोणत्याच काचपट्टीवर नसते. ते मुलीच्या शब्दांत होते आणि तो शब्द हलका ठरला.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. आंदोलने झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला: ताब्यातील स्त्रीशी संभोग सिद्ध झाला आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते खरे धरायचे.

तरी २०२० मध्ये हाथरसच्या दलित तरुणीचे नमुने आठवडा उलटल्यावर घेतले गेले आणि वीर्य नाही म्हणून बलात्कार नाही, असे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने जाहीर केले. २०२३ मध्ये बलात्काराचा आरोप न्यायालयातही टिकला नाही. वीर्य सापडलेच पाहिजे, अशी अट १८६० च्या दंडसंहितेतही नव्हती.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो: अहवाल हाती आला की निष्कर्षाआधी तारखा वाचा. घटना कधीची, नमुना कधीचा, आणि मधले तास कोणी घालवले?