उताऱ्याचें रूप आणि नोंदीचा निर्णय

वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत गेला. त्यांतील बुलढाणा जिल्ह्यांत गांवचें जमिनीचें दप्तर पटवारी सांभाळीत असे. दप्तरांतील नोंद ही एक वस्तु आणि तिची नक्कल ही दुसरी. नक्कल सुवाच्य असो वा गिचमिड, तिच्या अक्षरावरून कोणाचें शेत कोणाकडे जात नसे.

हा साधा भेद संगणकाच्या पहिल्या संकेतस्थळांत मात्र बराच पुसला गेला. १९९५ सालीं रॅस्मस लेर्डोर्फ यानें पीएचपी हें साधन प्रसिद्ध केलें. त्यांत पानाची मांडणी आणि हिशेबाच्या आज्ञा एकाच फायलींत लिहितां येत. काम झटपट होई. पण कोष्टकाचा रंग बदलावयास गेलेल्या हाताचा धक्का हिशेबास लागण्याचें भय राही.

या दुखण्यावरील उपाय त्याहून जुना होता. १९७९ सालीं नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीनस्काउग यांनीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रांत असतांना माहिती, तिचें दर्शन आणि नियंत्रण असे तीन विभाग कल्पिले. पुढें २००४ सालीं टेरेन्स पार यांनीं नियम अधिक कडक केला: पानाच्या सांच्यानें हातीं दिलेलें तेवढेंच दाखवावें, हिशेब करूं नये, निर्णय तर घेऊंच नये.

या नियमाचें मोल सातबाऱ्यावरून कळतें. नमुना सातांत जमिनीचे हक्क आणि नमुना बारांत पिकें दाखविलेलीं असतात. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत संगणकीय स्वाक्षरीचा उतारा मिळूं लागला. २०२० सालीं त्याचें रूप पालटलें: गांवाच्या नांवाबरोबर संकेतांक आला, खातेदाराच्या नांवापुढें खातेक्रमांक आला, आणि कमी झालेल्या नोंदी कंसाऐवजीं आडव्या रेघेनें दिसूं लागल्या. कागद बदलला, मेहकरच्या वा खामगांवच्या एकाहि शेतकऱ्याचा हक्क त्यानें बदलला नाहीं.

हक्क बदलतो तो निराळ्या वाटेनें. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनुसार फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकतीस पंधरा दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करितो. समजा, वडिलांमागें भावाबरोबर बहिणीचें नांव लागलें आहे. कोणतें नांव दाखवावें हें ठरविण्याची मुभा पानाच्या सांच्यास असती, तर रेघा नीट करितां करितां तें नांव गळालें असतें. ना नोटीस, ना हरकत. आणि कर्जासाठीं बँकेंत सादर होतो तो छापील उतारा.

मात्र या विभागणीनें मूळची चुकीची नोंद बरोबर होत नाहीं. स्वच्छ पान चूकहि स्वच्छ दाखवितें. लाभ इतकाच कीं, दुरुस्ती कोठें मागावयाची हें स्पष्ट राहतें: रूप बिघडलें तर सांचा तपासावा, हक्क बिघडला तर फेरफार. बुलढाण्याच्या तेरा तालुक्यांतील शेतकऱ्यास हा लाभ लहान नव्हे.