गुरुजी, तुणतुणं आणि बर्लिनचा प्रोफेसर

नाचगाण्याच्या दुनियेत पाऊल ठेवून सगळं गमावणाऱ्या मास्तराची गोष्ट पडद्यावर तीनदा आली. १९३० साली बर्लिनमध्ये ‘द ब्लू एंजल’ निघाला. १९५९ मध्ये हॉलिवूडनं तोच पुन्हा रंगीत काढला. आणि १९७२ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. पहिल्या दोघांची तुलना करणारं लिखाण पुष्कळ आहे. त्यांच्या शेजारी ‘पिंजरा’ ठेवून कुणी फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. कंधार तालुक्यात वाढलो, माळेगावची जत्रा कधी चुकवली नाही. म्हणजे या गोष्टीतली शाळाही माझी आणि तमाशाचा फडही माझ्या ओळखीचा.

जर्मन चित्रपट जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा. हाइनरिश मान या कादंबरीकाराच्या १९०५ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. एमिल यानिंग्ज हा त्या काळचा मोठा नट, पहिल्यावहिल्या ऑस्करचा मानकरी. त्यानं प्रोफेसर राठ केला आहे. हा राठ शाळेत कडक, पण पोरं त्याची टवाळी करतात, त्याला नावं ठेवतात. वर्गात त्याला पोरांकडे एका गाणाऱ्या बाईची कार्डं सापडतात. पोरांना पकडायला म्हणून तो ‘ब्लू एंजल’ नावाच्या गुत्त्यात जातो आणि लोला या गायिकेच्या पायाशी जाऊन बसतो. लोलाचं काम मार्लीन डीट्रिशनं केलं आणि त्या एका चित्रपटानं ती जगाला माहीत झाली. राठ नोकरी गमावतो, लोलाशी लग्न करतो आणि शेवटी तिच्याच फोटोंची कार्डं टेबलाटेबलावर विकत फिरतो. काही वर्षांनी लोलाची कंपनी त्याच्याच गावात येते. तिथं त्याला विदूषक करून उभं करतात, जादूगार त्याच्या डोक्यावर अंडी फोडतो आणि त्याला कोंबड्यासारखं आरवायला लावतो. यानिंग्जचं ते आरवणं अंगावर येतं. त्याच रात्री राठ आपल्या जुन्या वर्गात जातो आणि टेबलाला घट्ट धरून प्राण सोडतो.

हॉलिवूडनं काय केलं? एडवर्ड दिमित्रिकनं १९५९ ची आवृत्ती काढली, कुर्ट युर्गेन्स प्रोफेसर झाला, मे ब्रिट लोला झाली. पडदा रुंद, रंग झगझगीत, गाव जर्मनीतलंच ठेवलं, फक्त काळ युद्धानंतरचा केला. आणि शेवट बदलला. मुख्याध्यापक येतो आणि प्रोफेसरला हाताला धरून घेऊन जातो, पुन्हा नव्यानं जगायला. तीस वर्षांपूर्वी ज्या टेबलावर माणूस मेला होता, तिथं आता त्याची सुटका झाली. माझ्या मते चित्रपट तिथंच कोसळला. माणूस जे करून बसला त्याची किंमत जर शेवटी कुणीच मोजणार नसेल, तर आधीची अंडी आणि आधीचं आरवणं कशासाठी?

शांताराम यांचा जर्मनीशी जुना संबंध होता. ‘प्रभात’च्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढून घेण्यासाठी ते १९३३ च्या सुमारास तिकडे गेले होते. तिथल्या छायाप्रकाशाची, कॅमेऱ्याच्या कोनांची छाप पुढं त्यांच्या चित्रपटांवर दिसते. नाझींची सत्ता आली आणि त्यांनी ‘द ब्लू एंजल’वर बंदी घातली, तेही १९३३ सालीच. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी शांताराम यांनी ही गोष्ट मराठीत आणली. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटील यांचे, गाणी जगदीश खेबुडकर यांची, संगीत राम कदम यांचं. गुरुजी झाले डॉ. श्रीराम लागू, तमाशातली चंद्रकला झाली संध्या. निळू फुले होतेच. लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर. दोन वर्षांपूर्वी ‘नटसम्राट’ रंगभूमीवर गाजवून ते इथं आले होते.

ही गोष्ट आपल्या मातीत रुजायला जागा आधीपासून तयार होती. सोलापूरचे रामजोशी पेशवाईतले विद्वान ब्राह्मण. घर सोडून तमाशाकडे वळले, लावण्या रचल्या आणि पुढं कीर्तनकार झाले. त्यांच्यावर शांताराम यांच्याच राजकमल या चित्रसंस्थेनं १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला होता. म्हणजे शिकलेला माणूस फडात उतरतो ही कथा आम्हाला बर्लिनहून शिकायची नव्हती. आणखी एक गोष्ट. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. गावातून तमाशाला हुसकावून लावणारा ‘पिंजरा’तला गुरुजी त्या काळच्या सुधारकी मनाचाच माणूस आहे. राठनं लोलाला गावाबाहेर काढलेलं नव्हतं. गुरुजी चंद्रकलेचा फड उठवतात, तिच्या पोटावर पाय देतात, आणि म्हणून ती पैज घेते की या माणसाच्या हातात तुणतुणं देऊन त्याला तमाशात उभं करीन. सगळी कथा या अपमानातून निघते. जर्मन कथेला हे कारण नाही, आणि ‘पिंजरा’ची ताकद माझ्या लेखी इथून सुरू होते.

आता मराठवाड्याचं सांगतो, कारण इथं ‘गुरुजी’ म्हणजे काय हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा. मराठी शाळा म्हणजे चळवळच होती. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे शिक्षक, मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत, आणि त्यानंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते. १७ सप्टेंबर १९४८ ला आम्ही सुटलो ते शाळामास्तरांच्या बळावर, असं आमच्या घरात बोललं जायचं. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघालं. नरहर कुरुंदकर आधी प्रतिभा निकेतनमध्ये शिकवायचे, मग या कॉलेजात आले, पुढं प्राचार्य झाले. एवढा मोठा विचारवंत, तरी नांदेडकरांच्या तोंडी ते ‘कुरुंदकर गुरुजी’च राहिले. ज्या प्रदेशात गुरुजी या शब्दामागं एवढा मान उभा आहे, तिथं गुरुजी पडला की एक माणूस पडत नाही. राठला त्याची पोरंसुद्धा मानत नव्हती. आमचा गुरुजी पडला तेव्हा गावाचा विश्वास खाली आला.

आणि ‘पिंजरा’ आला ते साल बहात्तरच्या दुष्काळाचं. ज्यांनी ते काढलं त्यांना सांगायला नको. कंधार, अहमदपूर, उदगीर, सगळीकडे खडी फोडायची कामं, पोटाला लाल मिलो ज्वारी आणि सुकडी. दुष्काळात सगळ्यात आधी बंद पडतो तो तमाशा, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही तर फडाला सुपारी नाही. तमाशाच्या पिंजऱ्यावरचा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला त्याच दिवसांत फडांच्या चुली थंडावल्या होत्या.

आम्ही तो पाहिला दुष्काळ सरल्यावर, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत, मार्गशीर्षातल्या थंडीत. एका बाजूला घोड्यांचा बाजार, लाल कंधारी बैल, गाढवं, उंट. दुसऱ्या बाजूला तमाशाचे फड, आणि त्यांना लागूनच टुरिंग टॉकीजचा तंबू. खाली जमीन, अंगावर घोंगडी, बायकांची बाजू मधे कापड लावून वेगळी केलेली. जनरेटरची धडधड चालू. रीळ तुटलं की ऑपरेटर जोडेपर्यंत शिट्ट्या. पडद्यावर संध्याच्या पायातल्या चाळांचा आवाज थांबला की शेजारच्या फडातल्या खऱ्या चाळांचा आवाज तंबूत यायचा. कुठला आवाज कुठला, ते कळेनासं व्हायचं. बर्लिनच्या प्रेक्षकाला असा चित्रपट पाहायला मिळाला नसेल.

तुणतुणं लोकांनी नीट पाहिलेलं नसतं. लाकडाचं पोकळ नळकांडं, बुडाला कातडं, बाजूला दांडी, वर एक खुंटी आणि एकच तार. त्यातून गाणं निघत नाही, फक्त सूर मिळतो. ते धरणारा झीलकरी मागं उभा राहतो. ढोलकीवाल्याला टाळ्या, सोंगाड्याला हशा, नाचणारीला दौलतजादा. झीलकऱ्यानं मागून ‘जी जी’ करायचं आणि सूर धरून ठेवायचा. रात्रभर तो उभा असतो आणि पहाटे त्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. काल ज्याच्या शब्दावर गाव चालत होतं, त्या माणसाला शांताराम या जागेवर नेऊन उभं करतात. राठचं आरवणं एका रात्रीची विटंबना आहे, ती सगळ्यांसमोर होते आणि संपते. तुणतुणं रोजचं आहे. माझ्या दृष्टीनं ही शिक्षा जास्त मोठी, आणि ती आपल्या फडातूनच सापडली.

याहूनही मोठी झेप पुतळ्याची. गावात एक खून होतो, प्रेताच्या अंगावर गुरुजींचे कपडे चढतात आणि गाव समजतं, गुरुजी गेले. गाव त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत गुरुजी फडाबरोबर फिरत असतात आणि त्यांचा दगडी आदर्श गावात पूजला जातो. शेवटी त्यांना अटक होते ती गुरुजींचा खून केल्याच्या आरोपाखाली, म्हणजे स्वतःच्याच. ते गुन्हा कबूल करतात, कारण गावाचा विश्वास वाचवायचा तर आपण मेलेलं बरं. हे मान यांच्या कादंबरीत नाही, स्टर्नबर्गकडे नाही, हॉलिवूडकडे तर नाहीच. हॉलिवूडनं माणसाला वाचवलं. ‘पिंजरा’नं माणूस दिला आणि गावाचा गुरुजी राखला. मास्तर म्हणून मला हे पटतं, आणि पटतं म्हणूनच ते झोंबतं.

एक तक्रार मात्र करणार. चंद्रकलेच्या पोटावर पाय आला हे चित्रपट सुरुवातीला सांगतो आणि मग विसरतो. तमाशा म्हणजे पिंजरा, हे गुरुजींच्या बाजूनं ठीक. तिच्या बाजूनं तो रोजगार आहे, कला आहे. कोर्टात खरं बोलायची वेळ येते तेव्हा तिची वाचा जाते. विठाबाई नारायणगावकरांसारख्या बाईनं राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतलेल्या महाराष्ट्रात तमासगिरिणीला शेवटी मुकी करायला नको होतं. जर्मन लोला निदान शेवटपर्यंत खुर्चीवर बसून ताठ मानेनं गाते.

अशा आवृत्त्या अजून निघतात. ‘सैराट’चा हिंदीत ‘धडक’ करताना जातीची धार बोथट केली, आणि उदयपूरच्या महालांत ती गोष्ट परकी झाली. लातूरजवळच्या बाभळगावच्या रितेश देशमुख यांनी २०२२ च्या डिसेंबरात ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावरून ‘वेड’ केला आणि तो चांगला चालला. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू बोलणारी घरं आहेत, त्यांनी दोन्ही पाहून आपापलं मत बनवलं. असं पाहणं आपल्याकडे वाढायला हवं.

मला विचाराल तर १९५९ चा ‘ब्लू एंजल’ नाही पाहिला तरी चालेल. १९३० चा पाहा, मग ‘पिंजरा’ पाहा. आणि मार्गशीर्षात माळेगावला लावणी महोत्सव भरतो, तिथं पुढच्या रांगेत बसा आणि मागं उभ्या असलेल्या तुणतुणेवाल्याला त्याचं नाव विचारा.